स्वयंपाकघराच्या दारातली ताटी

१२ एप्रिल, रविवार

सुजाता, जावईबापू आणि ओवी सकाळीच मुरबाडहून आले. नात आता रांगते. रांगते कसली, सुटते! खाली ठेवली की गेलीच, आणि हाताला लागेल ते थेट तोंडात.

जेवणं झाल्यावर सु. मोबाइलवरची यादी बघत घरभर फिरली. हा प्लग उघडा, ती विळी खाली, ते उचला, हे काढा. शेवटी ओटीवर येऊन बसली. "आप्पा, मे महिन्यात मला कारखान्यात परत रुजू व्हायचंय. ओवीला तुमच्याकडे ठेवायचं मनात होतं. पण हे घर असं. मुरबाडला एक पाळणाघर बघून ठेवलंय मी."

माझं डोकंच सटकलं. म्हटलं, याच घरात तू वाढलीस ना? भातसानगरला धरणाचे दरवाजे चालवण्यात माझी सगळी हयात गेली, एक पोर नाही सांभाळता येणार?

सु.ने हनुवटी वर करून टाक्यांची खूण दाखवली. लहानपणी विळीवर पडली होती. सौ. माझ्याकडे अशी बघायला लागली की मी सुपारी आणायच्या निमित्ताने बाहेर सटकलो.

१४ एप्रिल, मंगळवार

पाळणाघर! माझी नात परक्याच्या घरात, आणि आम्ही दोघं इथं माशा मारत. ते काही नाही. कामाला लागलो.

विळी खुंटीला टांगली. सौ. तडकली, "आता भाजी काय भिंतीवर चिरू?" प्लग बुजवले. काड्यापेट्या वरच्या फळीवर.

ओट्याखाली हात घातला तर कोल्ड्रिंकची बाटली. आत तणनाशक. गेल्या भाताच्या वेळी उरलेलं, मीच ओतून ठेवलेलं. रंगही तसाच, नारिंगी. बाटली हातात घेऊन तिथेच बसलो. ओवी रविवारी याच ओट्याजवळ खेळत होती.

गोठ्यातल्या लोखंडी पेटीत टाकली, वर कुलूप. किल्ली माझ्या करगोट्याला. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१५ एप्रिल, बुधवार

जावईबापूंचा फोन. "आप्पा, बाळाच्या उंचीवरून घर बघा म्हणतात." आता हे वय का रांगायचं? पण दार लोटून घेतलं आणि रांगलो. गुडघ्यांनी बोंब मारली. पलंगाखाली निम्मा आत असताना शेजारची शेवंता ताक घेऊन आली आणि सौ.ला हाका मारत सुटली. "अगो बाय! सुमन, आप्पा पडले गो!" सगळी आळी गोळा व्हायची बाकी राहिली.

पलंगाखालून निघालं ते: एक बटण, चिंचोका, खिळा, आणि माझी बी.पी.ची गोळी. ही गोळी गेल्या महिन्यात पडली तेव्हा मी म्हटलं होतं, जाऊ दे, दुसरी घेतो.

सौ.ला दाखवली. हसत होती ती स्वतःच झाडू घेऊन पलंगाखाली शिरली.

१८ एप्रिल, शनिवार

मागच्या बेटातला बांबू तोडून ताटी विणली. परसात शेळ्या शिरू नयेत म्हणून लावतो तशीच, फक्त कडा काचेने तासून गुळगुळीत केल्या. स्वयंपाकघराच्या दारात बसवली. चूल, ओटा, मोरी सगळं ताटीच्या पलीकडे. एकच बंदोबस्त, काम फत्ते.

सौ. म्हणते, "पोरगी हाय का शेळी?" तिला साडी सावरून ओलांडावी लागते, दर खेपेला माझा उद्धार. होऊ दे.

१९ एप्रिल, रविवार

सु. आली. तपासणी. एवढी भीती मला आमच्या साहेबांची कधी वाटली नाही. ताटी हलवून बघितली, पलंगाखाली वाकली, मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. मग म्हणाली, "आप्पा, एवढं सगळं तुम्ही केलंत?" डोळे भरले होते तिचे. मी आढ्याकडे बघत बसलो.

म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत ओवीला ठेवून बघते. नीट झालं तर मेपासून इथेच.

निघताना मात्र वाजलं. सौ.ने सु.चे लहानपणचे वाळे ओवीच्या पायात घातले. सु. म्हणे, घुंगरू निघालं तर गिळेल. सौ. म्हणे, "वाळं कशाला घालतात तुला ठाव हाय? आई शेतात, चुलीशी कुठंबी असली तरी पोर कुठं हाय ते कानाला कळतं." शेवटी मी पक्कड घेऊन एकेक घुंगरू ओढून बघितलं. एकही हललं नाही. सु. कशीबशी राजी. "मुरबाडला नेताना काढीन हं."

२१ एप्रिल, मंगळवार

ओवी मजेत. ताटीला धरून उभी राहते आणि सौ.ला हाका मारते, बा बा बा. सौ. म्हणते ती आजीच म्हणते. छुम छुम दिवसभर. दुपारी माझ्या पोटावर झोपली. मी हललो नाही. पाय बधिर. सुख.

२२ एप्रिल, बुधवार

आज लिहवत नाही. पण लिहितो.

नळाला पाणी आलं. आमच्याकडे एक दिवसाआड येतं, तेही दम लागल्यासारखं. पाणी आलं की आमच्या वाडीत कोणी कोणाचं नसतं. सौ. हंडे घेऊन बाहेर, मी बादल्या घेऊन तिच्या मागे. पिंप, कळशा, टोप, ओवीच्या अंघोळीचा टब, सगळं काठोकाठ. येताजाता ताटी ओलांडायची, हातात भरली बादली, म्हणून मी ती जरा सरकवून ठेवली. जराच. ओवी ओटीवर खुळखुळ्याशी खेळत होती.

नळाशी होतो. घरातून छुम छुम ऐकू येत होतं. मग आलं नाही.

सौ. बोलत होती काहीतरी. मी म्हटलं, गप. ऐक. काहीच नाही.

कसा धावलो ठाऊक नाही. ओवी मोरीत. टबाचा काठ धरून उभी, चवड्यांवर, निम्मी आत वाकलेली. एका हाताने पाण्यावर चापट मारत होती. मला बघून हसली. उचलली. कपडे छातीपर्यंत ओले, केस कोरडे. केस कोरडे! पुन्हा पुन्हा हात फिरवून बघितले.

मोरीतच बसलो तिला घेऊन. सौ. आली आणि रडायलाच लागली. मीही रडलो, लपवत नाही. नळ बाहेर तसाच वाहत होता. कोणी उठलं नाही.

पोर धड आहे. पोर धड आहे. देवा, पोर धड आहे.

२३ एप्रिल, गुरुवार

रात्रभर एकच विचार. विळी दिसली, प्लग दिसले, चिंचोका दिसला. पाणी कोणालाच दिसलं नाही. आमच्या घरात रिकामी बादली दिसली की जीव घाबरा होतो, भरलेली दिसली की पोटात गार पडतं. भरलेल्याची भीती कोण बाळगणार? मी तर धरणावरचा माणूस. पाणी म्हणजे ते, एवढं मोठं. बादलीतलं ते फक्त भांडीधुणी.

आज सगळं बदललं. पिंप चौथऱ्यावर चढवलं, खाली तोटी. हंडेकळशा फळीवर, वर झाकणं, झाकणांवर दगड. टब पालथा. त्यातलं पाणी केळीला ओतताना सौ.चा जीव वरखाली. "अवो, भरलेलं पानी ओततात कुनी?" पण स्वतःच ओतलं तिने.

मोरीच्या दाराला वर कडी. ताटीला दोरीचा फास, आपसूक बंद होईल असा.

सौ. म्हणते, "तिला नका सांगू. झालं काय शेवटी? सांगितलंत तर घेऊन जाईल ती." खरं आहे. घेऊन जाईल.

२५ एप्रिल, शनिवार

नाही सांगत. ठरलं.

ओवी ताटीशी उभी राहून मला बघते. वाळे वाजले की बरं वाटतं, थांबले की मी उठतो. सौ.पण उठते. दोघं एकमेकांना धडकतो.

२६ एप्रिल, रविवार

सांगितलं.

सु. आली, ओवीला उराशी धरलं, म्हणाली, "बाळसं आलंय गं हिला!" खूश होती. आता पाळणाघरवाल्या बाईंना नाही कळवून टाकते म्हणून फोन काढला. माझ्या तोंडून निघून गेलं. थांब. आधी ऐक.

सगळं सांगितलं. ताटी मी सरकवली तेही. सौ. दाराआड पदर तोंडात धरून उभी.

वाटलं भडकेल. ती उठून मोरीत गेली. कडी बघितली, पालथा टब बघितला. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती म्हणाली, "आप्पा, मागच्या रविवारी मी त्याच मोरीत तोंड धुतलं. त्याच बादल्यांतलं पाणी घेऊन. मलाही नाही दिसलं." आणि एकदम चेहरा पांढरा. "माझ्या घरी आत्ता दोन टब भरलेले आहेत. मीच भरून आलेय."

जावईबापूंना तिथूनच फोन. "आधी मोरीतले टब ओतून टाका. का ते नंतर सांगते. हो, सगळं. ओता म्हटलं ना!"

संध्याकाळी ओवीला घेऊन गेली. मेचं काय, विचारलं. "कळवते आप्पा." एवढंच. जाताना माझा हात धरला, जरा जास्त वेळ. सौ. वाळे काढायला वाकली तर सु. म्हणाली, "राहू दे आई. घरी लागतील."

गाडी वळणावर जाईपर्यंत ऐकू येत होते.

२८ एप्रिल, मंगळवार

फोन नाही.

सांगितलं नसतं तर ओवी मेपासून इथेच राहणार हे पक्कं झालं असतं. सौ. हे बोलून दाखवत नाही, फक्त भांडी आपटते. पण कालपासून मला झोप लागते. मुरबाडचे टब रिकामे आहेत. तेवढं तरी झालं.

आज नळाला पाणी आलं. भरलं, झाकलं, वर ठेवलं. घरात मूल नाही तरी दोघंही ताटी ओलांडूनच ये-जा करतोय, भरल्या कळशा घेऊन. सौ. एकदा अडखळली. म्हटलं, काढू का आता ही?

"काढून तर बगा," म्हणाली.