सात नंबरचं ताट

अमरावती,
१२ जून २०२४

चि. सौ. ललितास अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं जुळवते, त्यापेक्षा कागद बरा.

आमच्या वृद्धाश्रमात प्रणाली नावाची नवी मॅनेजर आली आहे. पोरगी गुणाची, पण अन्न वाया गेलं की तिच्याच पोटात दुखतं. कागदी रुमाल बंद, भाजी आवारातलीच, भाकर ज्वारीची, आणि खरकट्यावर स्वयंपाकघराचा गॅस चालतो. जेवण झालं की ज्यानं त्यानं आपलं ताट खिडकीतल्या वजनकाट्यावर ठेवायचं. किती टाकलं ते खोलीच्या नंबरासमोर वहीत लिहितात आणि शनिवारी फळ्यावर लावतात. आमची खोली सात नंबरची. तीन शनिवार सातसमोर शून्य आहे. तुझा दादा फळ्यापुढून छाती काढून चालतो.

आता खरं सांगते, हसू नको. यांचं जेवण निम्म्यावर आलंय. घास तोंडात घोळत राहतो, ठसका लागतो. परवा मला हळूच म्हणाले, "मले गिळवून नाही राहिलं, पण कोणाले सांगू नको." ज्यांना आपलं आपण जेवता येत नाही त्यांना इथं मागच्या इमारतीत नेतात, आणि तिथं नवराबायकोला एकत्र राहता येत नाही. म्हणून मी माझ्या ताटात कमी वाढून घेते आणि यांचं झालं की यांचं ताट पुढे ओढते. सासूबाईंनी मला कधी वेगळं ताट दिलंच नव्हतं. पन्नास वर्षं नवऱ्याच्या ताटात जेवले, त्यात आता चोरी कसली? पण मनाला जरा खातं. तुला काय वाटतं ते लिही. आम्हा दोघांना तुझ्याशिवाय विचारायला आहे कोण.

घरात सर्वांना यथायोग्य सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
सुभद्रावहिनी


अकोला,
२० जून २०२४

ती. सौ. वहिनींस ललिताचा शि. सा. न. वि. वि.

हसू नको म्हणालात आणि मी एवढी हसले की नात आकांक्षा धावत आली. कौंडण्यपूरच्या जत्रेत पैजेवर अकरा रोडगे खाणारा माझा भाऊ फळ्यावर शून्य मिळवतो, तेही बायकोच्या जिवावर! शाळेतही त्याचं गणित दुसऱ्यानंच सोडवलेलं असायचं.

गळ्याचं मनावर घेऊ नका. वय झालं की होतं. आमच्या बाबांनाही शेवटी कढीशिवाय घास उतरत नव्हता. भाकर कढीत कुस्करून देत जा. आणि तुम्ही करता ते बरोबरच करता. दादाला एकट्याला मागच्या इमारतीत टाकलं तर तो तसाही जगायचा नाही. कोणाला चकार शब्द सांगू नका. चारचौघांत त्याला कमीपणा आलेला मला चालणार नाही.

पोळ्यानंतर येऊन जाते. दोघांचा आशीर्वाद पाठीशी असू द्या.

तुमची,
ललिता


अमरावती,
३ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. ललितास आशीर्वाद.

हे सोमवारपासून दवाखान्यात आहेत. भात खाताना ठसका लागला तो थांबलाच नाही, ओठ निळे पडले. जूनमध्ये एकसष्ट किलो होते, आता सेहेचाळीस आहेत.

आश्रमात दर पंधरवड्याला डॉक्टर येतात. जुलैत त्यांनी यांचं वजन पाहिलं आणि प्रणालीकडून ताटांची वही मागवली. ती वही डॉक्टरही बघतात हे मला तेव्हा कळलं. वहीत रोज शून्य. ते म्हणाले, खाणं तर भरपूर आहे, म्हणजे अंगी लागत नाही. मग रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, आतड्यात नळी घालून पाहिलं. दोन महिने यांना उपाशीपोटी तपासण्यांना नेत होते, आणि मी प्रत्येक वेळी शेजारी बसून होते. खरं सांगायचं तोंडाशी आलेलं मी पुन्हा गिळत होते. मागची इमारत डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सोमवारी सांगितलं सगळं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की गिळण्याची नस निकामी झाली होती, आधी कळलं असतं तर पातळ जेवणावर, नळीवर पुष्कळ दिवस काढता आले असते. आता अन्न फुप्फुसात गेलंय. प्रणाली बाहेर बाकावर बसून रडली. भाकरी किती थापायच्या ते ठरवायला तिनं ती वही काढली होती, आणि तिच्या वहीनंच घात केला असं तिला वाटतं. मी तिची समजूत काढू शकले नाही.

माझं वजन या चार महिन्यांत पाच किलोनं वाढलं. यांच्या तोंडचा घास मी खाल्ला, ललिता.

हे पत्र पोचलं की निघून ये. आणखी काही मागत नाही.

सुभद्रावहिनी


अकोला,
९ नोव्हेंबर २०२४

ती. वहिनींस सा. न.

लिहिताना हात सवयीनं सौ.कडे गेला आणि थांबला.

तेरावं झालं तरी मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. नणंद रागावली, असं बायका कुजबुजत होत्या. खरंच रागावले होते. माझ्या भावाला तुम्ही उपाशी मारलंत, असं अकोल्यापर्यंत मनात घोकत आले. घरी येऊन तुमचं जूनचं पत्र काढलं, राग पक्का करायला. त्यात सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. ठसका, गिळवत नाही, मनाला खातं, काय वाटतं ते लिही. डॉक्टरांना माहीत नव्हतं, प्रणालीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुम्ही विचारलंत आणि मी रोडग्यांची गंमत सांगितली, वर तोंड बंद ठेवा म्हणून बजावलं. दादा गेला त्यात माझाही हात आहे.

प्रणालीचा फोन आला होता. फळा काढून टाकला म्हणाली. तुमचं ताट वाढलेलं तसंच परत येतं, आणि खिडकीतल्या बाया ते काट्यावर न ठेवता घेतात. वहिनी, जेवा असं मी कोणत्या तोंडानं सांगू?

तुम्हाला इकडे आणा, असं घरात सगळे म्हणतात. खोली रिकामी आहे, उजेडही चांगला येतो. मी दोनदा लिहायला बसले. पण तुम्ही माझ्यासमोर जेवायला बसाल, भाकर मोडाल, आणि तुमच्या हातातला प्रत्येक घास मला दादाचा दिसेल. ते माझ्यानं सोसवणार नाही. म्हणून तुम्ही येऊ नका. माया आटली नाही, पण आज ती मागवतही नाही आणि देववतही नाही.

ललिता