विटांमागची ओकची चौकट

४ मार्च १९६३
इमारतींचा सरकारी तपासनीस आला एकदाचा. मिस्टर गॅरड. रस्त्यावरूनच आमच्या कापडदुकानाकडे मान वर करून बघितलं. "शंभरेक वर्षांचं विटकाम, मिस क्रॅडक. जपण्यासारखं काही नाही."
म्हणजे रस्तारुंदीत पाडणार. सुटलो! थॅक्सबरीची नगरपालिका आम्हाला तळमजल्यावरचं घर देतेय. एनिडचा गुडघा गेल्यापासून माझी ही धाकटी बहीण सकाळी दुकानात येते ती जिना बसून उतरत. संध्याकाळी मी तिला खांदा देऊन वर नेते.

८ मार्च
बर्फ वितळतंय. छत गळतंय. बादल्या उचलून कंबर मोडली.

१२ मार्च
वरच्या पुढच्या खोलीतला गिलावा ओलीनं कोसळला. आत विटा नाहीत — ओकच्या तुळया! तळहाताएवढी द्राक्षाची पानं कोरलेली. सांध्यांवर सुतारानं खुणेचे आकडे खोदलेत — जोडताना चुकू नये म्हणून. जुना मजला रस्त्यावर हातभर पुढे आलेला, विटांची भिंत नंतर कुणीतरी पुढून चढवली. म्हणून आमची काचेची खिडकी एवढी खोल! तीस वर्षं सजवतेय, कधी डोक्यात आलं नाही.
एनिडला सांगितलं. चहा ढवळत राहिली.
"म्हणजे आता पाडणार नाहीत?"
"त्यांना कळलं तर नाही."
"आणि नाही कळलं तर?"
मी बादली रिकामी करायला उठले.

१३ मार्च
तिच्या पायाकडे बघितलं आणि तुळयांपुढे कपाट सरकवलं.

१८ मार्च
शेजारचा बेकर टिबिट म्हणाला, "मजा आहे बुवा तुमची, नवं घर!" हसले. थकवा काही जात नाही. झोपून उठलं तरी.

२१ मार्च
बाजाराचा दिवस. अंडी घेऊन परत आले तर एनिड गल्ल्यावर नाही! वर सापडली. जमिनीवर बसलेली, कपाटामागे हात घालून. घामानं निथळत होती.
"चढलीस कशी?"
"बसून. उलटी." मग म्हणाली, "हिल्डा, हे शेवटचं पान चाचपून बघ. अर्धंच कोरलंय. दमला असेल गं बिचारा सुतार."
मी ओरडले. "त्या गुडघ्याचा विचार कर जरा!"
"माझाच आहे ना तो?"

२२ मार्च
एनिडनं सकाळीच गॅरडला फोन करून तुळयांचं सांगितलं. मला न विचारता! भांडायला तोंड उघडलं, आणि रडू आलं. सुटल्यासारखं वाटलं — हे तिला कसं सांगू?