चादर उचला

सर, तुम्ही शिकवलेलं बरंचसं मी विसरले, पण "विचारू नका, चादर उचला" हे काही विसरता येत नाही. शौचावर ताबा राहिला नाही हे माणूस मरेपर्यंत कबूल करत नाही, लाजेपायी खोटंच बोलतो, म्हणून डॉक्टरनं त्याच्या तोंडावर नाही, स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवावा, असं तुम्ही सांगायचात. आणि ते खरंच होतं, हीच तर पंचाईत.

सत्तर सालच्या सुमाराची गोष्ट, मी शेवटच्या वर्षाला. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, तरी वॉर्ड भट्टीसारखा तापलेला. खापा गावची एक बाई, पहिल्या बाळंतपणात खालून फाटलेली, तेव्हापासून तिला काही थांबवता येत नव्हतं. घरात तिनं ते कसंबसं लपवलं होतं. सासू पायथ्याशी उभी आहे, आम्ही सगळे भोवती. तुम्ही विचारता, "काही त्रास?" ती मानेनंच नाही म्हणते. "बघा, खोटं!" म्हणून तुम्ही मला खूण करता, आणि मी चादर उचलते. वर्गातली मुलं हसली. सासू नाकाला पदर लावून जी गेली, ती गेलीच.

"डॉक्टरीनबाई, काहून उघडलं जी सासूपुढं? मले आता घरी नेतीन का?" ती मला विचारत राहिली. तुम्ही ऑपरेशन केलंत, सुरेख केलंत, ती पूर्ण बरी झाली. न्यायला कोणी आलं नाही. "टाके घालणं माझं काम. नवरा आणून देणं माझं काम नाही," तुम्ही राउंडला म्हणालात. मुलं तेव्हाही हसली.

पुढे मणक्याच्या आजारानं तुम्ही आपल्याच हॉस्पिटलात, पुरुषांच्या वॉर्डात येऊन पडलात, तेव्हा राउंड माझा होता. मागे विद्यार्थी. वास दारातच आला. मी विचारलं, "सर, काही त्रास?" तुमची नजर त्या पोरांवरून फिरली आणि चादर मुठीत घट्ट आवळली गेली. "नाही," म्हणालात. "बरं सर," म्हणून मी पुढच्या खाटेकडे वळले. सिस्टरलाही बजावलं, सर नाही म्हणताहेत, त्यांच्या चादरीला हात लावू नका. संध्याकाळपर्यंत तुम्ही तसेच पडून होतात.

मॅडमनी गुरूची लाज राखली, असं ते विद्यार्थी अजून सांगतात. मी कोणालाच दुरुस्त केलं नाही. तुम्ही आता नाही, हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच तुम्हाला सांगते, त्या दुपारी मला चांगली भूक लागली होती, आणि मी डबा पोटभर जेवले.