मागची सीट

२ जानेवारी
संकल्प: सायकलिंग. निव्वळ तब्येतीसाठी. ग्रुपची पहिली राइड नेमकी सौ. राहते त्या समुद्राकाठच्या गावाला आहे, हा योगायोग. तिची तिथल्या पोस्टात बदली झाली आहे, बाकी काही नाही. बदली तिने स्वतः मागून घेतली असं मेव्हणी म्हणते. मेव्हणीला ऑफिसातल्या गोष्टी कळत नाहीत. अकरा महिने म्हणजे काही फार नव्हे.

५ जानेवारी
सायकल घेतली. दोन सीटची, चार पेडलची. दुकानदाराने विचारलं, जोडीने चालवणार का? म्हटलं, जाताना एकटा, येताना जोडीने. त्याने पावती फाडली.
सौ.ला सायकल येत नाही, या वयात येणारही नाही. म्हणून हा उपाय. तिने मागे बसून नुसते पाय हलवायचे. हँडल, ब्रेक, गिअर सगळं माझ्याकडे. तिच्या डोक्याला कसलाही ताप नाही. इतका विचार कुठला नवरा करतो?

९ जानेवारी
प्रॅक्टिस. ठरवले होते वीस किलोमीटर. झाले तीन. वारा उलटा होता. येताना दिशा बदलली, तर वाऱ्यानेही बदलली. शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, मागचं माणूस कुठे सांडलं? काकूंचा विनोद नेहमीच असा.

१४ जानेवारी
सौ.ला फोन केला. राइडबद्दल सांगितलं. म्हणाली, या ना, रविवारी सकाळी मी मोकळीच आहे, मलाही बोलायचंय. नुसतं 'या' नाही, 'या ना'. मेव्हणी मात्र म्हणते, ताई तिथे सुखात आहे. म्हणजे आतून खचली असणार.
कपाटातल्या तिच्या खणात माझे शर्ट पसरले होते. ते काढले. खण पुसून ठेवला.

२० जानेवारी, दुपारी १
अर्धं अंतर पार. आम्ही अकरा जण. कॅप्टन म्हणजे रिटायर्ड पीटीचे सर, वय अडुसष्ट. ते दिसेनासे झालेत. डेंटिस्टबाई बिचाऱ्या फारच हळू चालवतात, सकाळपासून माझ्या मागेच. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मीही वेग कमी ठेवला. केळं खाताना म्हणाल्या, ग्रुपचा नियम आहे, एकाने शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, आज माझी पाळी. शेवटचं माणूस कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

संध्याकाळी ६
पोहोचलो. मांड्यांचे दगड झालेत. खोलीत तीन लोखंडी पलंग, खाऱ्या हवेने कडी गंजलेली. उद्याचा बेत:
८.०० पोस्टासमोर भेट.
८.१० माफी मागणे. चूक कुणाचीही असो, आपण मोठेपणा घ्यावा.
८.१५ तिचं रडणं.
८.३० बॅग भरणे. एकच बॅग, बाकी सामान मागाहून.
९.०० परत निघणे.
तिच्यासाठी हेल्मेट आणलंय. माप अंदाजाने.

२१ जानेवारी, दुपारी २ (रस्त्याकडेला, झाडाखाली)
ती आठला दहा कमी असताना आली. सायकलवरून. निळी सायकल, पुढे टोपली. एक पाय टेकवून सहज उतरली. विचारलं, कुणाची? म्हणाली, माझीच, रोज हिच्यावरूनच जाते. उन्हाने रापली आहे. छान दिसते.
मग तिचं लक्ष माझ्या सायकलकडे गेलं. बराच वेळ बघत राहिली. दुसरी सीट कुणासाठी, असं तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, दुकानात हीच एक शिल्लक होती. हेल्मेट पिशवीतच राहिलं.
चहा घेतला. बीपीच्या गोळ्या वेळेवर घेता का, म्हणाली. मग म्हणाली, मी परत येणार नाहीये. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं, म्हणून या म्हटलं. रागावले नाहीये, तेही सांगायचं होतं. मी म्हटलं, छे छे, मी आपला सहजच आलो होतो. माफीचं राहूनच गेलं.
पुलापर्यंत सोडायला आली. शेजारून चालवत. उतारावर माझ्या पुढे गेली, मग थांबली. म्हणाली, सांभाळून जा. आणि वळली.
डेंटिस्टबाई मागे होत्या. त्यानंतर दहा किलोमीटर त्यांनी अंतर ठेवून सायकल चालवली.

२२ जानेवारी
रजा टाकली. ऑफिसला कळवलं, ताप आहे. ताप नाही. सकाळपासून रडतो आहे.
पुलावर तिला विचारलं होतं, कुणी शिकवलं? म्हणाली, पोस्टातल्याच एका बाईंनी, ओल्या वाळूवर. किती दिवस लागले? चार. त्यातला पहिला नुसता पडण्यात गेला.
लग्न झालं त्या वर्षी ती म्हणाली होती, मला सायकल शिकवा. म्हटलं होतं, रविवारी. नंतरही अधूनमधून म्हणायची. कधी म्हणायची थांबली, ते आठवत नाही.
मी असतो तर तिला पडू दिलं नसतं, असं आत्ता इथे लिहिलं होतं. खोडलं. सव्वीस वर्षं मी होतोच.