आईचं लाटणं आणि तुमचा टाक

बालाघाट
माघ महिना

अहो मिस्त्री,

अख्खं गाव तुम्हाला मिस्त्री म्हणायचं, मी कधी म्हटलं नाही. आज म्हणते, कारण आज मला तुमचा एवढा राग आला आहे की तो नुसत्या 'अहो'त मावत नाही.

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. तुमच्या कामाच्या पडवीत मी एवढ्या दिवसांत पाऊल टाकलं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी लामत्याचा एक माणूस पलंगाचे पाय न्यायला आला. "मिस्त्री ने तो चारों पाये तैयार बताये थे," म्हणाला. तुम्ही सांगितलं असेलच, सांगायला तुमचं काय जात होतं! निघाले तीन. चौथा शोधायला लाकूड कातायच्या खरादाच्या फळीखाली हात घातला, तर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडून पाहिलं. आत तुमच्या त्या रंगीत टाकाचे दोन तुकडे होते, आणि माझ्या आईचं काळं शिसवी लाटणं होतं. एका बाजूची मूठ कापलेलं.

मी तिथेच भुशात बसले. रडले नाही. तुम्ही समोर असता तर तेच लाटणं उचललं असतं.

तुमच्या दुकानात लाटण्यांचा ढीग लागलेला असायचा हो. सागाची, बाभळीची, लहान, मोठी. परसवाड्याच्या बाजारात दर आठवड्याला तुम्ही तीच तर पाठवत होता. गावभर लाटणी पुरवणाऱ्या माणसाला कापायला बायकोचं माहेरचं लाटणं तेवढं सापडलं? असं काय नडलं होतं तुमचं?

नडलं काय होतं ते आता कळतं. मोहल्ल्यातल्या मराठी बायकांची पत्रं मी लिहायची. कुणाचं भंडाऱ्याला, कुणाचं गोंदियाला. आपल्या शकूचा शाळेतला मोडका टाक घेऊन लिहायची आणि बोटं शाईने भरायची. तुम्ही एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "तुले असा टाक करून देतो, का पोस्टमन विचारीन कोणाचा आहे म्हणून." चार लाकडांचा टाक. उदी साग, पिवळा हळदू, तांबूस बिजा आणि काळं शिसव. प्रत्येकाच्या चकत्या करून एकावर एक सरसाने चिकटवायच्या, वाळवायच्या, आणि मग ती काडी खरादावर चढवून गोल कातायची. मला किती आनंद झाला होता, हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. ती माझी चूक.

पण काळं लाकूड कुठून आणलं, असं मी विचारलं होतं ना? "एका गिऱ्हाइकाचं उरलं," म्हणालात. किती सहज म्हणालात!

गावात वीज आली, आरा मशीनवाल्याने मोटार बसवली. तुम्ही मात्र वडिलांचा दोरीचा खराद सोडला नाहीत. एका बाजूला मी दोरी ओढायची, समोर तुम्ही जमिनीवर बसून पायाच्या बोटांनी पटाशी दाबून धरायची. लाकूड तुमच्याकडे फिरलं की पटाशी टेकणार, उलट फिरलं की उचलणार. बावीस वर्षं मी ती दोरी ओढली. माझ्या उजव्या खांद्याला विचारा.

तो टाक तीनदा खरादावर चढला आणि तीनदा तुटला. आठवतं? दर वेळी तुम्ही माझ्यावर डाफरलात. "हात सारखा ठेव ना व! झटका काहून देतं?" मी म्हटलं, माझा हात एकोणीस वर्षांत कधी उडाला नाही, आताच कसा उडतो? मग तुम्ही सरसाला नावं ठेवलीत, पावसाळी हवेला ठेवलीत. दिवाळीनंतर करू, म्हणालात. अशा तीन दिवाळ्या गेल्या.

आता सांगते तुमचं काय चुकलं. ऐका जरा, इथे मला अडवायला तुम्ही नाही. टाक तिन्ही वेळा एकाच जागी तुटला होता, काळ्या चकतीपाशी. तुम्हाला वाटलं, तीस वर्षांचं जुनं शिसव, याच्यासारखं वाळलेलं लाकूड नाही. वाळलेलं होतं हो, पण तेल प्यालेलं होतं! माझी आई दर सणाला त्या लाटण्याला जवसाचं तेल चोळायची. तिच्यामागे मीही तेच केलं, तुमच्या डोळ्यांदेखत केलं. तेलकट लाकडाला सरस धरेल का? स्वयंपाकघरातली कोणतीही बाई तुम्हाला हे सांगू शकली असती. पण विचारायचं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

एवढंच असतं तर मी चार दिवस धुसफुसले असते आणि गप्प बसले असते. पण आक्कांचं काय?

लाटणं हरवलं ते तुमची बहीण आठ दिवस राहून किरनापूरला परत गेली त्याच दिवशी. जाण्याआधी आक्कांनी त्यावर पोळ्या लाटल्या होत्या. "वहिनी, असं लाटणं आता भेटत नाही व," असंही म्हणाल्या होत्या. माझ्या मनात तेव्हाच शंका शिरली. तुम्हाला बोलून दाखवली. तेव्हा तुम्ही भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात, "जाऊ दे ना व. लाटणं काय, दुकानात पन्नास पडले आहेत." त्या वेळी ते तुमच्या फडक्यात होतं! तुमच्या तोंडातला घास कसा उतरला?

मग शकूची हळद. मांडवात पंधरा-वीस बायका. मी आक्कांना सगळ्यांसमोर म्हटलं, "आक्का, ती माझ्या आईची शेवटची वस्तू आहे. राग नाही, पण परत द्या." त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. त्या म्हणाल्या, "मी काहून नेईन व लाटणं? मी कातारीची पोर आहो. माझ्या घरी का लाकडाची वाण आहे?" आणि भाचीला हळद न लावता, न जेवता, दुपारच्या मोटारीने निघून गेल्या.

तुम्ही मांडवाच्या खांबाला टेकून उभे होता. एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, बहिणीची लाज वाटून गप्प आहात. मी तुमची कीव केली हो त्या दिवशी!

त्यानंतर तीन वर्षं आक्का या घरी आल्या नाहीत. तुम्ही गेलात त्या दिवशी आल्या. अंगणात बसल्या, उंबरठा ओलांडला नाही. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर त्यांनी नुसती मान हलवली. सख्खा भाऊ गेला होता आणि बाईने या घरचं पाणी घेतलं नाही. आणि मी मनात म्हटलं, चोरी केली म्हणून तोंड दाखवायला जड जातंय. असं म्हटलं मी, मिस्त्री. तुमचं प्रेत घरात असताना.

मला ठाऊक आहे तुम्ही काय ठरवलं होतं. टाक तयार झाला की तो हातात ठेवून सगळं सांगायचं, मी हसेन, मग दोघं मिळून किरनापूरला जाऊ. शकूला पत्र टाकून विचारलं, तर कार्टीलाही माहीत होतं! उत्तरात लिहिते, "बाबा मले म्हणे, त्या लाटण्याले तुझ्या आईचा हात लागलेला आहे, टाकात तेच लाकूड पाहिजे." हे वाचून मी ते लाटणं मांडीवर घेतलं. मग पुन्हा राग आला. माझा हातच पाहिजे होता, तर तो रोज तुमच्यासमोर दोरी ओढत नव्हता का?

आठ दिवस मी काय केलं ते सांगते. ती काळी चकती धुण्याच्या सोड्याने घासली, दोनदा. राख चोळली, उन्हात ठेवली. तेलाचा वास पूर्ण गेल्यावर सरस गरम करून दोन्ही तुकडे जोडले आणि सुतळीने करकचून बांधले. आज सकाळी सुतळी सोडून दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. हललं नाही. तुमच्या तीन दिवाळ्यांचं काम!

आता काडी कातायची राहिली आहे. पटाशी मी धरू शकेन असं वाटतं, इतकी वर्षं समोरून पाहिली आहे. पण दोरी कोण ओढणार? शकू सासरी. मोहल्ल्यात कुणाला ते जमत नाही, झटके देतात. हे काम येणारी माझ्याशिवाय एकच बाई उरली आहे. लहानपणी तुमच्या वडिलांची दोरी जिने ओढली, ती.

म्हणून तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळच्या मोटारीने मी किरनापूरला जाणार आहे. मूठ कापलेलं लाटणं आणि ही काडी बरोबर नेणार. दोन्ही आक्कांच्या पुढ्यात ठेवीन, त्यांच्या पायांवर डोकं ठेवीन आणि खरं काय ते सांगेन, त्यांच्या अंगणात, शेजारपाजारच्या बायकांना बोलावून. बोलले होते चारचौघींत, तर माफीही चारचौघींतच मागेन. तुमची बाजू घेणार नाही. मग विचारेन, दोरी ओढायला येता का म्हणून. नाही म्हणाल्या तर काडी तशीच राहील, चौकोनी, आणि मी शकूच्या मोडक्या टाकानेच लिहीत राहीन, आता लिहितेय तशी. पण आल्या, तर आधी त्यांना घरात घेईन, तांब्या हातात देईन, आणि त्या पाणी पिईपर्यंत खरादाला हात लावणार नाही.

तुमची दोरी ओढणारी,
सुमन