मंगळवारच्या खेळाचा आवाज

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज परत कान फुटायची वेळ आली! पेन्शनवाल्यांचा दुपारचा खेळ, हॉलमध्ये मूठभर डोकी, आणि आवाज असा की शेजारच्या गावालाही सिनेमा ऐकवायचाय जणू. पडद्यावर दार आपटलं तरी छातीत धस्स. संगीत सुरू झालं की दात शिरशिरतात. आणि एवढं करून नट काय बोलतात ते कळेल तर शपथ! हल्ली यांना बोलायला शिकवतच नाहीत वाटतं — तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. सारखं शेजारी बसलेल्या नवऱ्याला, सिक्स्टेनला विचारावं लागतं, "काय म्हणाला तो?"

खेळानंतर नेहमीसारखी कॉफी. मी म्हटलं, "काय हा आवाज!" आमच्या शेजारणीने, आस्ताने, दालचिनीचा पाव पुढे केला. आमच्या स्वीडनमध्ये तोंडावर कोणी काही बोलायचं नाही. इमारतीच्या सामायिक धुलाईखोलीत मात्र निनावी चिठ्ठ्या चिकटवतील!

२१ ऑक्टोबर

फ्रेंच सिनेमा. आवाज अगदी बेताचा. खाली येणाऱ्या स्वीडिश ओळी वाचत निवांत बसले. छान होता. मग गेल्या आठवड्यात काय धाड भरली होती?

२८ ऑक्टोबर

स्वीडिश सिनेमा — पुन्हा तोच धिंगाणा! आता माझी खात्री पटली. परदेशी सिनेमाला आवाज नेमका आणि आपल्या सिनेमाला कर्कश. यंत्र बिघडलं असतं तर दोन्हीकडे बिघडलं असतं. कोणीतरी हे मुद्दाम करतंय.

यंत्र तूरे चालवतो. फुकट काम करतो ना, म्हणून आमच्या सिनेमा मंडळात सगळे त्याला डोक्यावर घेतात. मी एकदा त्याची कॉफी पाणचट आहे म्हटलं होतं, ते त्याच्या मनात असणार. माणूस दिसतो गरीब, पण मला पहिल्यापासून त्याचा भरवसा नाही.

२९ ऑक्टोबर

सिक्स्टेनला सगळं सांगितलं. "असू दे गं, सोड ना," म्हणाला आणि पेपर तोंडापुढे धरला. बायकोचे कान फुटताहेत आणि हा हवामान वाचतोय!

४ नोव्हेंबर

खेळाआधी सिक्स्टेन "हात धुऊन येतो" म्हणून गेला. मी कोट अडकवायला बाहेर आले, तर हा तूरेच्या यंत्रखोलीच्या जिन्यावरून उतरतोय! मी खांबाआड झाले. जागेवर आल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुठे होतास इतका वेळ?"

"म्हटलं ना, हात धुवायला."

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. निदान मला तरी तसं वाटत होतं. आणि सिनेमा सुरू झाला — स्वीडिशच — तर आवाज नेहमीपेक्षाही चढा. म्हणजे नवराही सामील!

९ नोव्हेंबर, रविवार

आस्ता कॉफीला आली होती. मी बाल्कनीतून चादरी घेऊन आत आले तर स्वयंपाकघरात दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत होती. मला बघताच गप्प.

"काय चाललंय?"

"काही नाही गं गुनेल," आस्ता जरा मोठ्यानेच म्हणाली. "बर्फ कधी पडणार ते बोलत होतो."

बर्फाबद्दल कोण कुजबुजतं? आस्ताचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. ओठांना रंग लावते हल्ली. सिक्स्टेन माझ्याशी बोलतो ते पुटपुटल्यासारखं, तिच्याशी मात्र गप्पा रंगतात. मी मध्ये गेले की तेवढ्यापुरतं हसतात — कशाला, ते मला कोणी सांगत नाही.

लिहूनच टाकते एकदाचं. मला भीती वाटते. हा मला सोडून गेला तर? या वयात एकटीने ताट वाढून बसायचं?

११ नोव्हेंबर

आज पडद्याकडे बघितलंच नाही. माणसं बघितली. दिवे मंदावले तशी आस्ताने पर्स उघडली आणि काहीतरी पिवळं कानात खुपसलं. बोळे! पुढच्या रांगेत तूरेची बायको — तिच्याही कानात बोळे. पलीकडचे, मागचे, सगळे तेच. शेवटी सिक्स्टेनकडे बघितलं. त्याच्याही!

म्हणजे आवाज मोठा आहे हे प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येकाने आपापली सोय केली. मला मात्र कोणी सांगितलं नाही, एक बोळा दिला नाही. अख्ख्या गावाने मिळून मला छळायचं ठरवलंय. रडू आलं, पण यांच्यासमोर रडायची नाही मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

मंडळाची वार्षिक सभा. बाकीचे विषय संपल्यावर मी उभी राहिले. "मंगळवारचा आवाज कमी झाला पाहिजे. आणि तो इतके दिवस मोठा का होता, याचं उत्तर मिळालं पाहिजे!"

सगळ्यांनी आपापल्या कपात बघितलं. तूरेने सिक्स्टेनकडे बघितलं. सिक्स्टेन अर्धवट उठला आणि परत बसला.

"गुनेल, नक्की ना?" तूरेने विचारलं.

"नक्की म्हणजे काय? ठराव मांडा!"

एकमताने मंजूर. विरोधात एकही हात नाही! मग इतके दिवस यांची दातखीळ का बसली होती? पण जिंकले एकदाची. घरी येताना सिक्स्टेनने माझा हात घट्ट धरला होता. मी सोडवून घेतला.

१८ नोव्हेंबर

आज स्वीडिश सिनेमा, विनोदी. आवाज कमी. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत होती. मला वाटलं, तूरेने डूख धरून आवाज बंदच केला. तेवढ्यात हॉल हसला. मग परत हसला. म्हणजे त्यांना ऐकू येत होतं.

मी सिक्स्टेनकडे वळले — "काय म्हणाला तो?" विचारायला. विचारलं नाही. त्याच्या कानात आज बोळे नव्हते. कोणाच्याच नव्हते.

माझ्यासाठी वाढवत होते. स्वतःचे कान बंद करून, माझ्यासाठी.

परत सगळे हसले. सिक्स्टेन हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.