आज्ज्याचा अंगठा

मंगळवार, संध्याकाळ

वर्गातल्या पोरी जुळलेल्या भुवयांवरून चिडवतात, म्हणून आज बापूंच्या दाढीच्या ब्लेडनं मधले केस काढून टाकले. लई खूश होते मी. मग आज्ज्याची भाकर घेऊन साखर कारखान्याच्या चारा छावणीवर गेले. दुष्काळ पडल्यापासून तो बैलांजवळ तिथंच राहतो. मोतीबिंदूनं त्याला नीट दिसत नाही. मी गेले की माझ्या भुवयांवरून अंगठा फिरवतो आणि म्हणतो, "आली माजी माय." त्याच्या आईच्या भुवया अशाच होत्या म्हणे.

आज अंगठा मधोमध थांबला.

"कोणाची गं तू, बाई?"

वर्गातल्या दोघी शेजारीच गाईला पाणी दाखवत होत्या. मी बोललेच नाही. का नाही बोलले? नुसतं "मीच" म्हणायचं होतं.

"माज्या नातीला बरं न्हाई का? तिला म्हणावं, आज्जा वाट बघायलाय." भाकरीचं फडकं न सोडताच त्यानं बाजूला ठेवलं.

घरी येऊन काजळानं भुवया जोडल्या. आज पहिल्यांदाच त्या मला आवडल्या. आरशात अगदी पहिल्यासारख्या दिसतात. पण त्या अंगठ्याला काजळ कसं कळणार?